वस्ताद, मला मोकळं करा

स्टॉपरला कुणीच ओळखत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मोठ्या खेळाडूची गोष्ट म्हणून आशेनं वाचायला नको. गोल मारणाऱ्याला कोल्हापूर डोक्यावर घेतं. गोलकीपरचा उडी मारतानाचा फोटो पेपरात येतो. ह्या दोघांच्या मधे जो उभा असतो आणि समोरच्या फॉरवर्डचं कोपर बरगडीत खातो, त्याची आठवण लोकांना चूक झाली की येते. अठरा वर्षं तो माणूस मी होतो. आमच्या पेठेच्या तालमीकडून, चार नंबरची जर्सी घालून, कधी वरच्या गटात आणि जास्त करून खालच्या.

बाहेरगावच्या माणसाला तालीम म्हटलं की कुस्ती आठवते. आमच्या तालमीत कुस्तीचा हौदा, म्हणजे लाल मातीचा आखाडा, अजून आहे, पण त्याच्या कठड्यावर फुटबॉलचे बूट वाळत घातलेले असतात. पेठ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे टीम, एवढा सरळ हिशोब. माझ्या सासरवाडीला, मलकापूरला, ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगा फाउंड्रीत परमनंट आहे एवढं बघून त्यांनी पोरगी दिली. लग्नानंतरच्या पहिल्याच मॅचवरून मी बरगडीला पट्टा आवळून घरी आलो, तर बायको घाबरून म्हणाली, "अवो, कुणी मारलं तुमास्नी? पोलिसात जाऊया की." मी म्हटलं, अगं, मला मारलंय ते काहीच नाही, त्याला जाऊन बघ. त्या दिवसापासून तिचं फुटबॉलशी वाकडं आहे.

ह्या वर्षी मला एकच गोष्ट पाहिजे होती, अजून एक सीझन. फार नाही, एक. छत्तिसावं लागलं होतं. उजव्या गुडघ्यात पाणी व्हायचं, फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव कामाच्या कडा घासायला, आठ तास उभं राहिलं की जिना चढताना कठडा धरावा लागायचा. पण मागच्या वर्षीची शेवटची मॅच मी अर्धीच खेळलो होतो. पायात गोळा आला आणि मला उचलून बाहेर ठेवलं. अठरा वर्षांचा शेवट असा स्ट्रेचरवर पडून, आभाळाकडं बघत? छे! पूर्ण नव्वद मिनिटं खेळून, स्वतःच्या पायानं चालत बाहेर यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. त्यासाठी चार महिने पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, वडापाव बंद केला, गुडघ्याला दिवसातून दोनदा शेक घेतला.

आता बेल-भंडाऱ्याचं सांगायला पाहिजे. तळहातावर बेलाचं पान, त्यावर चिमूटभर हळदीचा भंडारा, आणि देवासमोर दिलेला शब्द. आमच्याकडं निवडणुकीत पुढारी सर्रास उचलतात आणि सर्रास मोडतात, तो भाग वेगळा. मी अठरा वर्षांचा असताना आमचा एक फॉरवर्ड ऐन सीझनच्या तोंडावर पलीकडच्या पेठेत गेला. कुणाला न सांगता गेला, आणि आमच्यावरच दोन गोल मारले. वस्ताद चार दिवस जेवले नाहीत म्हणे. आमचे वस्ताद म्हणजे जुने पैलवान, नंतर त्यांनीच टीम उभी केली. पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरांना मारुतीसमोर उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातावर बेल-भंडारा ठेवला.

"खेळायचं तर ह्याच जर्सीत," ते म्हणाले. "सोडून जायाचं असंल तर जावा, मी न्हाय म्हणणार न्हाय. पण माझ्यापुढं यायचं, तोंडावर सांगायचं. मी मोकळं करीन. पाठीमागनं गेलासा तर मग तुमी हाय आणि द्येव हाय."

मोकळं करायची रीतही त्यांनीच घातली. ज्यानं उचलायला लावला त्यानंच पुसायचा. पोरगा निघाला की पेढे घेऊन यायचा, वस्ताद आधी त्याला आई-बहिणीवरून सोलून काढायचे, मग कपाळाला भंडारा लावायचे आणि स्वतःच्या पंच्यानं पुसून टाकायचे. "जा लेका, मोकळा झालास. चांगला खेळ." कितीतरी पोरं अशी मोकळी होऊन गेली, काही मुंबईला, काही सरळ समोरच्या पेठेत. कुणाचं काही वाईट झालं नाही.

मीसुद्धा एकदा पेढे घेऊन गेलो होतो. पुण्याच्या एका कंपनीच्या टीमनं बोलावलं होतं, नोकरी पक्की, क्वार्टर. वस्ताद कट्ट्यावर बसून बॉलची शिवण तपासत होते. "पेढं कसलं रं?" म्हणाले. माझी जीभच उचलेना. दुसऱ्या दिवशी मॅच होती, आमचा दुसरा स्टॉपर काविळीनं पडला होता. मी म्हणालो, "बहिणीचं लग्न ठरलं, वस्ताद." आता बोला! माझ्या बहिणीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या लग्नात वस्ताद स्वतः पंगतीला जिलबी वाढत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, दोन पेढे खाल्ले आणि परत शिवण तपासायला लागले. ही गोष्ट मी बायकोला लग्नानंतर हौसेनं सांगितली, हसेल म्हणून. ती हसली नाही. अजूनही भाजी आणायला उशीर झाला तर म्हणते, "पुण्यात असतो तर दारात भाजी आली असती."

तर ह्या वर्षीचा किटचा रविवार. सीझन सुरू व्हायच्या आधी तालमीत नारळ फुटतो आणि जर्सी वाटल्या जातात. नारळ सगळ्यात जुन्या खेळाडूनं फोडायचा. गेली सहा वर्षं तो मान माझाच. मी फोडला, एकाच फटक्यात, पोरांनी शिट्ट्या मारल्या. वस्ताद आता नसतात, त्यांचं वय झालं, त्यामुळं जर्सी सेक्रेटरी वाटतो. हा सेक्रेटरी म्हणजे आमचा जुना गोलकीपर. दहा वर्षं तो माझ्या पाठीमागं उभा होता, त्याच्यावर येणारे निम्मे बॉल मी अंगावर घेतलेत. त्यानं पुकारा सुरू केला. एक नंबर. दोन. तीन.

"चार," तो म्हणाला आणि मी पुढं झालो.

माझ्याबरोबर आणखी एकजण पुढं झाला. गोव्याहून आणलेला पोरगा, तेवीस-चोवीसचा, उंच, खांदे रुंद. मी त्याला बघितलं होतं सरावात, पण बाहेरून चार-पाच पोरं आलेली, कोण कशाला आलंय हे कुठं विचारत बसतो? आम्ही दोघं सेक्रेटरीसमोर हात पुढं करून उभे. सेक्रेटरीच्या हातात एक जर्सी. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. मग त्यानं ती जर्सी हळूच गोव्याच्या पोराच्या हातात दिली आणि खाली बघायला लागला.

पोरगं समजूतदार होतं. त्यानं जर्सी माझ्यापुढं धरली. "दादा, आपका है क्या?"

"नाही रे, तुझीच आहे," मी म्हणालो. वर त्याची पाठही थोपटली. कशाला थोपटली देव जाणे. हात आपोआप गेला.

पाच नंबरपासून पुकारा परत सुरू झाला. मी तिथंच, नारळाच्या पाण्यात पाय ठेवून उभा. संपल्यावर सेक्रेटरी मला हौद्याच्या बाजूला घेऊन गेला. "भावा, आयच्यान सांगतो, मला वाटलं कोचनं तुला सांगितलं असंल." कोच म्हणाला, "मला वाटलं सेक्रेटरी तुमचा दोस्त हाय, त्यो सांगंल." खेळाडूंची यादी महिन्यापूर्वीच नोंदवून झाली होती. तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची होती, पण ग्रुपवर मी आहे, मला वाईट वाटेल, म्हणून कुणी टाकली नाही. दुसरा ग्रुप काढला आणि त्यावर टाकली. अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. चहावाल्याला ठाऊक होतं. तो चार दिवस माझ्याकडून चहाचे पैसे घेत नव्हता, आणि मला वाटत होतं सीझन आलाय म्हणून खुशीत आहे!

शिव्या घालाव्यात असं वाटलं. मैदानात माझं तोंड कुणी धरू शकलेलं नाही, रेफरीला विचारा. पण इथं एक शब्द फुटेना. कुणी दावा साधला असता तर भांडलो असतो. ही सगळी माझ्यावर जीव असणारी माणसं, डोळ्यांत पाणी आणून उभी. ह्यांच्याशी भांडायचं कसं? सेक्रेटरी म्हणाला, "तू सल्लागार म्हणून बाकावर बस की. टोपी देतो, जॅकेट देतो." मी घरी आलो.

बायकोनं सगळं ऐकलं. मला वाटलं म्हणेल, बरं झालं, सुटलात. पण ती ताट वाढता वाढता थांबली आणि तिनं माझ्या पेठेचा असा उद्धार केला की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "नारळ फोडायला तुमी आणि खेळायला दुसरं व्हय? लाज न्हाय वाटत मेल्यांस्नी?" चार महिने गुडघ्याला शेक तीच देत होती.

दोनच दिवसांनी कसबा बावड्याहून फोन आला. फोन करणारा एके काळचा फॉरवर्ड, आता तिथं खालच्या गटातली एक लहानशी टीम चालवतो. "लेका, दहा वर्सं माझ्या नडग्या फोडल्यास," म्हणाला, "आता आमच्या बाजूनं कुणाच्यातरी फोड की! स्टॉपर न्हाय मर्दा आमच्याकडं. परवा पाचपर्यंत नोंदणी हाय. फॉर्म तयार ठेवतो, नुसती सही कर."

मी फोन ठेवला. बायको म्हणाली, "आता काय? जावा की."

"बेल-भंडारा उचललाय."

"त्यांनीच तुमास्नी टाकलंय न्हवं? मग शपथ कसली ऱ्हायली?"

"टाकलं तालमीनं. शब्द तालमीला नव्हता दिला, वस्तादांना दिला होता."

तिनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "मग जावा त्यांच्याकडं. पेढं घ्या आणि ह्या वेळी तोंड उघडा."

वस्ताद आता मुलाकडं राहतात. मुलानं बावड्यातच, नव्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी रजा टाकून गेलो. बावड्याचा दोस्त फॉर्म घेऊन खाली मोटारसायकलवर बसणार आणि मी मोकळा होऊन आलो की तिथंच सही करणार, असं ठरलं. वर्षभरात मी वस्तादांना भेटलो नव्हतो, हे खरं आहे आणि त्याची लाज वाटते. विसरायला लागलेत असं ऐकून होतो. म्हातारी माणसं विसरतातच, एवढाच अर्थ मी घेतला होता.

सुनेनं दार उघडलं. वस्ताद खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, पंचा मांडीवर. दंड केवढा होता त्या माणसाचा! आता बनियनची बाही लोंबत होती. मी पाया पडलो, पेढे पुढं केले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुठल्या गल्लीचा रं तू?"

सून म्हणाली, "मामा, तुमचाच खेळाडू की ह्यो. स्टॉपर न्हाय का?"

"स्टॉपर?" त्यांचे डोळे एकदम चमकले. "उठ. मागं वळ. पाय दाव." मी उठलो, वळलो, पॅन्ट वर करून पोटऱ्या दाखवल्या. काय करणार? त्यांनी हातानं पोटरी दाबून बघितली. "जड हाईस. पण चालंल. स्टॉपर जडच पायजे."

"वस्ताद," मी म्हणालो, "अठरा वर्षं झाली. मला मोकळं करा. मला दुसरीकडं खेळायचंय." सांगितलं. ह्या वेळी तोंडावर सांगितलं. शब्द न शब्द स्पष्ट.

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते सुनेला म्हणाले, "देव्हाऱ्यातला भंडारा आण गं. नवं पोरगं आलंय." सून माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली, मला वाटलं पुसायला मागतायत. तिनं वाटी आणली. बेल नव्हता, तर म्हाताऱ्यानं कुंडीतलं तुळशीचं पान तोडायला लावलं. माझा हात ओढून उघडला, त्यावर पान ठेवलं, त्यावर भंडारा. निम्मा भंडारा फरशीवर सांडला.

"म्हण," ते म्हणाले. "खेळीन तर ह्याच जर्सीत."

मी सुनेकडं बघितलं. सून हळूच म्हणाली, "दादा, चार दिवस झालं, जेवत न्हाईत की कुणाशी बोलत न्हाईत. आज तुमाला बघून पयल्यांदा बोलाय लागल्यात."

"म्हण की रं!" वस्ताद ओरडले. तोच आवाज. त्या आवाजावर मी अठरा वर्षं पळालोय. मी म्हणालो. खेळीन तर ह्याच जर्सीत. त्यांनी अंगठ्यानं माझ्या कपाळाला भंडारा ओढला, आणि मग खूश होऊन, पोरासारखे हसून, माझ्याच पेढ्यातला एक पेढा माझ्या तोंडात घातला.

मी जिना उतरून खाली आलो. बावड्याचा दोस्त मोटारसायकलवरून उठला, फॉर्म पुढं केला, आणि माझ्या कपाळाकडं बघून थांबला. कोल्हापुरातलाच माणूस तो. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली.

"वस्तादांनी पुसला न्हाई व्हय?" एवढंच विचारलं.

"न्हाय. नवीन लावला."

"जाऊ दे मर्दा," तो म्हणाला आणि मला बसस्टॉपपर्यंत सोडून गेला. साडेचार वाजले होते. घरी बायको दारातच उभी. तिनं कपाळ बघितलं. ओला टॉवेल आणून हातात दिला. मी हात-पाय धुतले, पण कपाळ पुसायचं धाडस मला झालं नाही. झोपल्यावर उशीला लागून जे गेलं ते गेलं.

पहिल्या मॅचला जायचं नाही असं ठरवलं होतं आणि गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलो. पेठेतल्या पोरांनी "दादा बसा, दादा बसा" करून जागा दिली. टोपी आणि जॅकेट मी घेतलं नव्हतं. गोव्याच्या पोरावर डोळा ठेवून होतो. कशाला खोटं बोलू, तो पडावा, चुकावा, लोकांनी त्याला शिव्या घालाव्यात, असं मला वाटत होतं. अर्धा तास मी ह्याच आशेवर होतो.

पोरगं चांगलं खेळलं. नुसतं चांगलं नाही. आम्ही एका गोलनं पुढं होतो, शेवटची पाच मिनिटं राहिली होती, आणि त्यांचा फॉरवर्ड एकटा सुटला. मी उभा राहून ओरडलो, "पाय धर त्याचा, पाड!" मी असतो तर पाडलाच असता, आणि पेनल्टी गेली असती. ह्यानं पाडला नाही. बाजूनं पळत गेला, शांतपणे, आणि त्याच्या पायातला बॉल असा काढून घेतला, जसं एखाद्याच्या हातातून आपण पिशवी घेतो. माझ्याच्यानं हे कधी झालं नव्हतं. विशीतसुद्धा नाही. मी खाली बसलो.

शिट्टी झाली आणि आमची पोरं कुंपणावरून मैदानात. गुलाल उधळला, हलगी सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "दादा वर हाईत, दादा वर हाईत!" आणि वीसेक पोरं पायऱ्या चढून माझ्याकडं आली. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं. "आरं सोडा, मी खेळलोच न्हाय!" मी ओरडत होतो. "आरं, खाली घ्या मला!" कोण ऐकतोय? गुलाल तोंडात गेला, डोळ्यांत गेला. सेक्रेटरी खाली उभा राहून रडत होता आणि माझ्या पायाला हात लावून स्वतःच्या छातीला लावत होता. मला खांद्यावर नाचवत मैदानाला फेरी घातली.

कॉर्नरच्या झेंड्यापाशी गोव्याचा पोरगा गवतावर बसून एकटाच बूट काढत होता. त्याच्या अंगावर गुलालाचा एक ठिपका नव्हता. मिरवणूक त्याच्या अगदी बाजूनं गेली. त्यानं मान वर करून मला बघितलं, हसला आणि टाळ्या वाजवायला लागला.

"आरं, त्याला उचला! मॅच त्यानं काढलीया, त्याला उचला की रं!" मी जीव तोडून ओरडलो. खालच्या पोराला वाटलं मी घोषणा देतोय. त्यानं वर बघून माझ्याच नावानं आरोळी ठोकली, आणि सगळ्यांनी ती उचलली.